ऑफ-रोड वाहनाचा वाकडा बंपर : मोजमाप, दुरुस्ती आणि कायद्याची मर्यादा

जीप, जिप्सी, थार, जिम्नी यांसारख्या वाहनांना मूळ बंपर काढून पोलादी बंपर बसविण्याची हौस गोव्यात नवी नाही. २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या पावसाळी स्पर्धेने चिखल, ओढे आणि चढणींचा हा क्रीडाप्रकार येथील वाहनप्रेमींच्या अधिक परिचयाचा केला. मात्र बाजारातून आणलेला किंवा कारखान्यात बनवून घेतलेला बंपर पहिल्याच बसवणीत सरळ बसला, असे क्वचितच घडते. एक टोक वर राहते, एक बाजू पुढे येते, मडगार्डशी फट असमान दिसते किंवा बोल्टच भोकात जात नाही. अशा वेळी बहुतेकांची पावले चोर्ला घाट ओलांडून बेळगावच्या उद्यमबागेकडे वळतात.

खानापूर रस्त्यावरील उद्यमबाग ही बेळगावची जुनी औद्योगिक वसाहत. ओतशाळा, लेथ व मिलिंगची यंत्रशाळा, पत्रा कापणारे, वाकविणारे आणि वेल्डिंग करणारे छोटे कारखाने येथे एकमेकांना लागून आहेत. इंजिनाचे व पंपांचे भाग, क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिक यंत्रांचे सुटे भाग यांसाठी बेळगावचे नाव देशभर घेतले जाते. त्यामुळे बंपरचा कंस नव्याने बनविणे, भोक भरून पुन्हा पाडणे, मोजून शिम तयार करणे ही कामे येथे एका दिवसात होऊ शकतात. तरीही कारागिरासमोर वाहन उभे करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे मालकाला ठाऊक असणे हिताचे असते. अन्यथा दोष चासीचा असताना बंपर कापला जातो आणि दोष बंपरचा असताना चासीला भोके पडतात.

आधी कायदा

मोजपट्टी हाती घेण्याआधी एक बाब स्पष्ट असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड व बुल बार बसविलेल्या वाहनांवर कारवाई करण्यास सांगितले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशील बदलणाऱ्या फेरफारांविरुद्ध निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा केंद्राचा असल्याने बेळगावात बसविलेला बंपर गोव्यात चालतो किंवा त्याउलट, असा समज निराधार आहे.

या बंदीमागे केवळ शिस्तीचा विचार नाही. आधुनिक वाहनाचा पुढील भाग धडकेत ठरावीक क्रमाने चुरगळावा, अशी त्याची रचना असते. चुरगळताना तो धडकेची ऊर्जा शोषतो, आणि त्याच वेगमंदनाच्या नोंदीवरून एअरबॅग कधी उघडावी हे ठरते. चुरगळणाऱ्या भागापुढे ताठ पोलादी तुळई आली की हा हिशेब बिघडतो. एअरबॅग उशिरा उघडणे किंवा नको तेव्हा उघडणे, दोन्ही शक्यता निर्माण होतात. पादचारी किंवा दुचाकीस्वार यांना प्लास्टिकच्या लवचिक आवरणाऐवजी पोलादाची कड लागते. अरुंद रस्ते आणि दुचाकींची दाट वर्दळ असलेल्या गोव्यासारख्या राज्यात हा धोका कल्पनेतला नाही.

म्हणून पुढील विवेचन दोन प्रकारच्या वाहनांसाठी आहे. एक, केवळ स्पर्धेसाठी वा खासगी जमिनीवर वापरले जाणारे आणि स्पर्धास्थळी ट्रेलरवरून नेले जाणारे वाहन. दोन, बसविलेला पोलादी बंपर काढून मूळ बंपर पुन्हा लावायचा असलेले वाहन. दोन्हींत मोजमापाची रीत एकच आहे.

वाकडेपणाचे चार प्रकार

‘बंपर वाकडा आहे’ या एका वाक्यात चार वेगळे दोष दडलेले असतात. पहिला, एक टोक वर आणि दुसरे खाली. दुसरा, एक टोक पुढे आणि दुसरे मागे. तिसरा, संपूर्ण बंपर डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेला. चौथा, बंपरचा दर्शनी भाग वर किंवा खाली कललेला, जणू वाहन मान वाकवून उभे आहे. प्रत्येकाचे कारण आणि उपाय निराळा असल्याने प्रथम कोणता दोष आहे ते ठरवावे. बहुधा दोन दोष एकत्र असतात. अशा वेळी डावे-उजवे सरकणे आधी, मग पुढे-मागे आणि शेवटी वर-खाली, या क्रमाने दुरुस्ती केली की एक दोष सुधारताना दुसरा पुन्हा उद्भवत नाही.

संदर्भ कोणता धरावा?

या कामातील सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. ऑफ-रोड वाहनांत चासीची शिडी वेगळी असते आणि तिच्यावर रबरी गाद्यांच्या आधाराने बॉडी बसविलेली असते. बंपर चासीच्या पुढील दोन टोकांना जोडला जातो, पण डोळा मात्र त्याची तुलना बॉनेट, जाळी आणि मडगार्ड यांच्याशी करतो. एखादी रबरी गादी दबली किंवा झिजली तर बॉडी एका अंगाला झुकते आणि चासीला अचूक जोडलेला बंपर वाकडा भासतो. याउलट जमिनीला समांतर दिसणारा बंपर प्रत्यक्षात चासीला तिरका असू शकतो, कारण एका बाजूची स्प्रिंग थकलेली असते.

म्हणून संदर्भ नेहमी चासीचा धरावा. वाहन सपाट जागी उभे करून चारही टायरांत सारखा दाब भरावा, आतील सामान उतरवावे आणि वाहन थोडे पुढे-मागे ढकलून स्प्रिंगांना सैल होऊ द्यावे. मग गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन चासीच्या दोन्ही टोकांची उंची ताडून पाहावी. पाणसळ ठेवण्यापुरती सपाट जागा चासीवर क्वचितच मिळते, त्यामुळे नळीच अधिक विश्वासार्ह ठरते.

चासी पिळलेली आहे का, हे पाहण्यासाठी ओळंबा वापरावा. चासीवरील डाव्या-उजव्या जोडीतील मूळ भोकांपासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने बिंदू उमटवावेत. पुढील जोडी आणि मागील जोडी मिळून चौकोन तयार होतो. त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. अपघातग्रस्त वाहनांच्या दुरुस्तीत साधारणतः ३ मिमीपर्यंतचा फरक सहन केला जातो. कर्णांत त्याहून बराच अधिक फरक आढळला, तर दोष चासीत आहे. अशा वाहनाला बंपर जुळविण्याचा खटाटोप न करता आधी चासी सरळ करणाऱ्या कार्यशाळेत न्यावे. वाकलेल्या चासीवर सरळ बसविलेला बंपर हा जुना अपघात झाकण्याचा प्रकार ठरतो.

लहान चूक मोठी का दिसते?

चासीच्या दोन टोकांमधील अंतर बंपरच्या लांबीच्या जवळपास निम्मे असते. त्यामुळे बसवणीच्या जागी झालेली चूक टोकाशी दुप्पट होऊन दिसते. समजा, दोन कंसांतील अंतर ८० सेंटिमीटर आणि बंपरची लांबी १६० सेंटिमीटर आहे. एका कंसाचे भोक ३ मिमी वर पडले तर बंपरच्या दोन टोकांच्या उंचीत ६ मिमीचा फरक दिसेल.

हेच गणित उलटे वापरले की शिमची जाडी मिळते. टोकांतील फरकाला कंसांमधील अंतराने गुणावे आणि बंपरच्या लांबीने भागावे. वरच्याच मापांत एक टोक १२ मिमी पुढे असेल, तर १२ गुणिले ८० भागिले १६०, म्हणजे ६ मिमीची शिम मागे राहिलेल्या बाजूच्या कंसात लागेल. अंदाजाने वॉशर भरत बसण्यापेक्षा हा दोन मिनिटांचा हिशेब निम्मा दिवस वाचवितो.

दुरुस्तीचा क्रम

पहिली पायरी सर्वांत साधी आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. सर्व बोल्ट सैल करावेत. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा भोकात बसविण्याचा प्रयत्न केला तर बंपर ताणाखाली राहतो. बंपरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यावा, सर्व बोल्ट हाताने आट्यांत धरावेत आणि मग जॅक व हलक्या धक्क्यांनी स्थान जुळवावे. अनेक बंपर एवढ्यानेच सरळ होतात, कारण बोल्टाभोवती भोकात जी थोडी सैल जागा मुद्दाम ठेवलेली असते, तिचा उपयोगच पूर्वी झालेला नसतो. १२ मिमीच्या बोल्टासाठी सामान्यतः १३ ते १३.५ मिमीचे भोक योग्य मानले जाते. चार-सहा बोल्टांच्या सैल जागा एका दिशेला लागल्या की एक मिमीचा फरक सहज निघतो आणि टोकाशी तो दोन मिमी होतो.

एवढ्याने भागले नाही, तर पुढे-मागे असलेला दोष शिमने काढावा. शिम पोलादी, सपाट आणि शक्यतो इंग्रजी ‘यू’ आकाराची असावी, म्हणजे बोल्ट पूर्ण न काढता ती सरकविता येते. लाकूड, रबर किंवा एकावर एक रचलेले सहा वॉशर हे शिमचे पर्याय नव्हेत. रबर दबते, वॉशरांची चळत सरकते आणि दोन्हींत बोल्टाचा ताण नाहीसा होतो. एका जागी दोनपेक्षा अधिक तुकडे लागत असतील तर तेवढ्या जाडीची एकच पट्टी यंत्रशाळेतून घासून घ्यावी. वरच्या व खालच्या बोल्टांखाली समान जाडी ठेवल्यास बंपर केवळ पुढे येतो. केवळ खालच्या बोल्टांखाली शिम दिल्यास त्याचा कल बदलतो. चौथ्या प्रकारचा दोष याच युक्तीने सुधारतो.

वर-खाली किंवा डावे-उजवे सरकविण्यासाठी भोक लांबट करावे लागते. येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. लांबट करायचे ते बंपरच्या कंसातील भोक, चासीतील नव्हे. चासीचे भोक वाढविल्यास वाहनाच्या कण्यालाच कायमची इजा होते आणि मूळ बंपर परत लावणे अवघड होते. कंसातही भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंतचे अंतर भोकाच्या व्यासाच्या किमान दीडपट उरले पाहिजे. काम कानशीने किंवा मिलिंगवर करावे. गॅस कटरने भोक वाढविले तर कड खडबडीत राहते आणि तेथूनच पुढे तडा जातो. लांबट भोकावर साधा वॉशर पुरत नाही. भोक पूर्ण झाकणारी जाड चौकोनी पट्टी वापरावी.

दोष पाच-सहा मिमीहून मोठा असेल तर भोके लांबविण्याचा मोह टाळून नवा कंस बनवून घ्यावा. उद्यमबागेत लेझरने कापलेली ६ किंवा ८ मिमीची पट्टी आणि प्रेसवर वाकविलेला कंस सहज होतो. मात्र ओतशाळांच्या गावात गेलो म्हणून बिडाचा ओतीव कंस करून घेऊ नये. साधे बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि आघात यांखाली ते पूर्वसूचना न देता तुटते. बंपरचा कंस, विशेषतः विंचचा भार वाहणारा, नेहमी संरचनात्मक पोलादाच्या पट्टीचाच असावा. या वाहनांवर सर्रास दिसणाऱ्या विंचची ओढ चार हजार किलोंच्या घरात असते आणि तो सारा भार त्या दोन कंसांवरूनच चासीत उतरतो.

वेल्डिंगने आलेला वाक

पुष्कळदा कंस अचूक असतात, पण बंपरच केळीसारखा वाकलेला असतो. वेल्डिंगचा रस थंड होताना आकसतो आणि पत्र्याला आपल्या बाजूला ओढतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड मारीत गेल्यास हा ओढा साठत जातो. जाणकार कारागीर प्रथम छोटे टाके घालतो, मग डावी-उजवी, आतली-बाहेरची अशी बाजू बदलत तुकड्या-तुकड्याने वेल्ड पूर्ण करतो. शक्य तेथे तो जोड टाळून पत्रा प्रेसवर वाकवितो. जेवढे वेल्ड कमी, तेवढा वाक कमी.

बंपर बनवून घेताना दोन अटी आधीच घालाव्यात. एक, कंस प्रत्यक्ष वाहनाच्या चासीला किंवा तिच्या मापाच्या जिगला बोल्टांनी घट्ट बांधून मगच बंपरला टाके घालावेत. टाके पडल्यावर बंपर उतरवून पूर्ण वेल्डिंग वाहनापासून दूर करावे. वाहनावरच वेल्ड करण्याची वेळ आलीच तर बॅटरीच्या तारा काढाव्यात आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा. अन्यथा विद्युत नियंत्रण पेटी निकामी होऊ शकते. चासीवर तर वेल्ड नकोच. तिचे पोलाद उष्णतेने कमकुवत होण्याचा धोका असतो. दोन, पावडर कोटिंगपूर्वी एकदा पूर्ण बसवणी करून पाहावी. रंगानंतर सापडलेला दोष सुधारायचा म्हणजे रंग पुन्हा काढणे आले.

बोल्ट, रंग आणि खारी हवा

जुळवणी पूर्ण झाल्यावर बोल्ट मधून बाहेर, आळीपाळीने डावे-उजवे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. ८.८ प्रतीच्या १० मिमी बोल्टासाठी सुमारे ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि १२ मिमीसाठी सुमारे ८० ते ८५ न्यूटन-मीटर टॉर्क सर्वसाधारणपणे वापरला जातो. वाहनाच्या पुस्तिकेत निराळा आकडा असल्यास तोच प्रमाण मानावा. गंज नको म्हणून सरसकट स्टेनलेसचे बोल्ट लावण्याची गोव्यात पद्धत आहे. परंतु बाजारात सामान्यतः मिळणारा स्टेनलेस बोल्ट ८.८ प्रतीपेक्षा कमी ताकदीचा असतो आणि त्याचे आटे आवळताना एकमेकांत जखडतात. जस्ताचा मुलामा दिलेला ८.८ प्रतीचा बोल्ट आणि त्यावर ग्रीस, ही जोडी किनारपट्टीसाठी अधिक सोयीची आहे.

पावडर कोटिंगचा थर मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका पातळ असला, तरी बोल्टाखालील जाड थर दाबाखाली हळूहळू दबतो आणि बोल्ट सैल होतो. म्हणून बसवणीच्या पृष्ठभागावरील जाड रंग खरवडून तेथे केवळ जस्तयुक्त प्रायमरचा पातळ हात द्यावा. नट व कंस यांच्यावरून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे दुरूनही कळते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पहिल्या खडतर फेरीनंतर सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत.

बॉडी रबरी गाद्यांवर हलत असल्याने पोलादी बंपर व मडगार्ड यांत दहा ते पंधरा मिमी फट सोडावी. फट मोकळी दिसते म्हणून ती बुजविली तर पहिल्याच खड्ड्यात मडगार्डचा रंग उडतो. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर बंपरच्या कडेला लागत नाही ना, हेही पाहावे.

वजनाचा हिशेब

बंपर सरळ बसूनही वाहनाचे नाक खाली झुकलेले दिसते, तेव्हा दोष वजनाचा असतो. ३ मिमी जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे साडेतेवीस किलो भरते. दीड चौरस मीटर पत्रा लागला तर बंपर ३५ किलोंचा, ४ मिमी घेतल्यास ४७ किलोंचा. त्यावर विंच आली की एकूण ७० किलो सहज होतात. हे वजन पुढील आसाच्याही पुढे टांगलेले असल्याने तरफेप्रमाणे काम करते. २४५० मिमी व्हीलबेसच्या थारमध्ये ७० किलो वजन पुढील आसापासून ७० सेंटिमीटर पुढे असेल, तर पुढील आसावर प्रत्यक्षात ९० किलोंचा भार वाढतो आणि मागील आसावरचा २० किलोंनी घटतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना मागील चाकांची पकड यामुळेच कमी होते.

परिणाम वाहनागणिक बदलतो. जिप्सी व जिम्नी यांच्या पुढे अखंड आस आहे. तेथे नाक खाली गेल्याने चाकांच्या कोनांवर तुलनेने कमी परिणाम होतो. २०२० पासूनच्या थारमध्ये पुढील चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. तेथे उंची बदलताच चाकांचा कल आणि टो बदलतात व टायर एका कडेने झिजू लागतात. म्हणून बंपर बसविल्यानंतर किंवा काढल्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घेणे आवश्यक आहे. हेडलाइटची दिशाही पुन्हा साधावी. नाक झुकलेले असताना साधलेले दिवे बंपर उतरविल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

ऑफ-रोड वापरासाठी आणखी एक माप महत्त्वाचे. नव्या थारचा चढणकोन सुमारे ४१ अंश, तर जिम्नीचा ३६ अंश आहे. खाली लोंबणारा किंवा फार पुढे आलेला बंपर हाच कोन घटवितो. ज्या गुणासाठी वाहन घेतले, तोच बंपरने हिरावून घेतला, असे होऊ नये. रेडिएटरपुढील वाट अडली तर घाटात इंजिन तापते, हेही ध्यानात ठेवावे.

मूळ बंपर परत लावताना

पोलादी बंपर काढून मूळ बंपर लावायचा असल्यास आधी चासीच्या टोकांशी असलेल्या चुरगळणाऱ्या पेट्या जागेवर आणि शाबूत आहेत का, ते तपासावे. बंपर बसविताना त्या कापून टाकल्या असतील तर केवळ प्लास्टिकचे आवरण चढविणे ही धूळफेक होय. सुरक्षा त्या पेटीत आहे, आवरणात नाही. धडक संवेदक मूळ जागी व मूळ दिशेने घट्ट बसलेला असावा आणि त्याची तार दबलेली नसावी. डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझला नाही, तर अधिकृत कार्यशाळेतील तपासणीवाचून वाहन रस्त्यावर आणू नये. चासीला जादा भोके पडली असल्यास त्यांच्या कडा घासून गंजरोधक लावावा आणि रबरी बूच बसवावे. ती वेल्डने भरू नयेत. आवरणाच्या चिमट्या व क्लिपा मधल्या भागापासून कडांकडे बसवत नेल्यास दोन्ही बाजूंच्या फटी समान राहतात.

मूळ बंपर, त्याचे बोल्ट, पेट्या आणि कंस काढल्या दिवशीच एका पेटीत भरून, डावे-उजवे अशा चिठ्ठ्या लावून जपून ठेवावेत. स्पर्धेचे वाहन पुढे विकायचे झाले, रस्त्यावर आणायचे झाले किंवा विम्याचा दावा करायचा झाला, तर त्या वेळी कामी येणारी गोष्ट हीच असते.